मूकपटातील पहिली मोहिनी : कै. कमलाबाई गोखले

आपल्या जेऊर स्थानकावरून जाणारा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. ह्या मार्गाने धान्य गेले, कापूस गेला, पंढरीचे वारकरी गेले. आणि त्यांच्याच मागोमाग पुढील साठ-सत्तर वर्षे नाटक मंडळ्यांचे संसारही ह्याच रुळांवरून ये-जा करीत राहिले. गुंडाळलेले पडदे, पोशाखांच्या पेट्या, तबला-पेटी, स्वयंपाकाची भांडी आणि पंचवीस-पन्नास माणसे असा तो लवाजमा असे. पुण्याहून सुटावे, वाटेतील गावी मुक्काम करावा, सोलापुरास चार खेळ लावावेत आणि पुढे जावे, असा त्यांचा क्रम होता. ज्या गावी नाटक उतरे त्या गावची आबालवृद्ध मंडळी रात्र जागवीत. परंतु सकाळ झाली म्हणजे त्याच नटांस आपल्या पंक्तीस बसवून घेण्यास फारच थोडी घरे तयार असत. रात्री टाळ्या आणि सकाळी पाठ, अशी त्या काळच्या समाजाची रीत होती.

पुरुष नटाची ही कथा, तर स्त्रीची काय असेल? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्याने दिले त्या कै. कमलाबाई गोखले ह्यांचे चरित्र ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या दोन स्त्रिया म्हणून दोघींची नावे घेतली जातात. त्यांतील एक कमलाबाई व दुसऱ्या त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत. मुलीची थोरवी सांगावयाची तर आरंभ आईपासूनच करावा लागतो.

स्त्रीवाचूनची रंगभूमी

मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांच्या सीतास्वयंवर नाटकाने झाला असे आपण मानतो. त्या नाटकातील सीता पुरुषच होता. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास शाकुंतल रंगभूमीवर आणिले आणि संगीत नाटकाचे वैभवशाली युग सुरू झाले. परंतु त्या युगातील नायिकाही पुरुषच होते. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने आणि १९०५ पासून बालगंधर्वांच्या रूपाने प्रेक्षकांस असे काही वेड लावले की, स्त्रीच्या भूमिकेस प्रत्यक्ष स्त्री असावी हा विचारही कोणास सुचू नये. कलावंतिणींच्या घराण्यांतील स्त्रियांनी चालविलेल्या काही मंडळ्या होत्या खऱ्या. परंतु त्यांस प्रतिष्ठितांच्या रंगभूमीने आपल्यात धरले नाही.

गृहस्थाच्या घरातील स्त्रीने रंगभूमीवर उभे राहू नये असा कायदा नव्हता. तशी आवश्यकताही नव्हती. ज्ञातीचा धाक कायद्याहून कडक होता. हळदीकुंकवाचे बोलावणे बंद होणे, लग्नकार्यात पाट न मिळणे, त्या घरातील मुलामुलींच्या सोयरिकी मोडणे ही शिक्षा न्यायाधीशावाचून होत असे आणि तिच्यावर अपीलही नसे. आपल्या वाडवडिलांच्या काळी प्रत्येक ज्ञातीत हे चालत होते आणि त्यात आपलीही ज्ञाती अपवाद नव्हती, हे ज्ञातीच्याच स्मरणिकेत प्रांजळपणे लिहिले पाहिजे.

दुर्गाबाई

अशा त्या काळात, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, मुंबईतील दुर्गाबाई कामत ह्यांचा संसार मोडला. त्यांचे पती आनंद नानोसकर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत इतिहास शिकवीत असत. पतिपत्नी विभक्त झाली आणि लहानग्या कमलेस घेऊन दुर्गाबाई एकट्या राहिल्या. पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रीस त्या वेळी उपजीविकेचे मार्ग कोणते होते, ह्याचा विचार वाचकांनी क्षणभर करावा. शाळेतील नोकरी वा कचेरीतील काम त्या पिढीतील सामान्य स्त्रीस मिळणारे नव्हते. माहेरी ओझे होऊन राहावे, परक्याच्या घरी धुणीभांडी करावी, अथवा देहविक्रयाच्या वाटेस जावे, एवढेच पर्याय समाजाने शिल्लक ठेविले होते.

दुर्गाबाईंनी ह्यांपैकी एकही पत्करला नाही. त्या फिरत्या नाटक मंडळीत गेल्या आणि रंगभूमीवर काम करून स्वतःच्या कष्टाची भाकर मिळवू लागल्या. ह्या अपराधाबद्दल समाजाने त्यांस वाळीत टाकले. मुलीस उपाशी न ठेवणे हा ज्या मातेचा दोष ठरला, तिच्या मनाची घडण किती कणखर असली पाहिजे हे सांगणे नलगे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मुलगी वाढली ती कमला कामत ह्या नावाने, म्हणजे आईच्या नावाने. आजही अर्जावर मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिताना जेथे दहादा विचार होतो, तेथे शतकापूर्वी त्या माऊलीने हे करून दाखविले होते.

कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. चौथ्या-पाचव्या वर्षीच त्यांनी रंगभूमीवर पाऊल ठेविले. इतर मुली ज्या वयात भातुकली मांडतात त्या वयात ही मुलगी तोंडास रंग लावून दिव्यांच्या उजेडात उभी राहू लागली. तिची शाळा म्हणजे नाटकाची तालीम, तिचे घर म्हणजे मंडळीचे बिऱ्हाड, आणि तिचे गाव म्हणजे जेथे त्या आठवड्यात खेळ लागला असेल ते. बालपणीचे अनेक हट्ट ह्या भटकंतीत विरून गेले असतील. परंतु स्वर, ताल, शब्दोच्चार आणि हजार डोळ्यांपुढे न बिचकता उभे राहण्याचे धैर्य ही पुंजी त्या वयातच पदरी पडली. पुढे ह्याच पुंजीवर त्यांनी सारे आयुष्य निभावले.

फाळक्यांचा शोध

इकडे मुंबईत दादासाहेब फाळके नावाचा एक झपाटलेला गृहस्थ हलत्या चित्रांच्या मागे लागला होता. विमा, दागिने, घरातील वस्तू ह्यांवर पैसा उभारून त्यांनी राजा हरिश्चंद्र हा मूकपट तयार केला व तो ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आणिला. ह्या चित्रपटात तारामतीचे काम करण्यास त्यांस स्त्री मिळाली नाही. जाहिराती देऊन झाल्या. वेश्यावस्तीत जाऊनही विचारणा करून झाली. तेथील स्त्रियांनीही नकार दिला. ज्या धंद्यास समाज सर्वांत हलका समजत असे, त्या धंद्यातील स्त्रियांसही चित्रपट आपल्याहून हलका वाटावा, ह्यावरून त्या काळच्या लोकमताची कल्पना येते.

अखेरीस ग्रँट रोडवरील एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ तरुण फाळक्यांस दिसला. महिना दहा रुपयांवर राबणाऱ्या त्या मुलास पंधरा रुपये देऊन त्यांनी तारामती केले. स्त्रीभूमिकेसाठी मिशा काढावयासही नट राजी होत नसत, कारण वडील हयात असता मिशी उतरविणे अशुभ मानीत. चित्रपटात काम करतो असे सांगण्याचीही लाज वाटे. म्हणून फाळके आपल्या नटांस, हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामास आहोत असे लोकांस सांगण्यास शिकवीत.

ह्या कारखान्यात एक स्त्री मात्र पहिल्या दिवसापासून राबत होती. ती म्हणजे फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करावा, रात्री फिल्मला छिद्रे पाडावी, ती धुवावी, हे सारे त्या करीत. पडद्यावर स्त्री नव्हती, परंतु पडद्यामागे ती सर्वांआधी होती. ही गोष्ट आपल्या घरोघरच्या व्यवहारास किती जुळते हे सुज्ञ वाचक जाणतातच.

मोहिनी आणि पार्वती

हरिश्चंद्राच्या यशानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशकास हलविला आणि दुसरा चित्रपट हाती घेतला. त्याचे नाव मोहिनी भस्मासुर. कथा सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवीन तो भस्म होवो, असा वर भस्मासुराने शंकरापासून मिळविला आणि तो शंकरावरच उलटला. तेव्हा विष्णूने मोहिनीचे रूप घेऊन असुरास नृत्याच्या नादी लाविले आणि नाचता नाचता त्याचा हात त्याच्याच मस्तकावर ठेवविला. ह्या कथेचा सारा भार मोहिनीवर आहे. तिच्या हालचालीत मोह नसेल तर असुर मरणार कसा? मूकपटात तर गाणे नाही, संवाद नाही. जे सांगावयाचे ते अंगाने आणि डोळ्यांनी सांगावयाचे. येथे खाणावळीतील तरुण पुरेसा पडणार नव्हता.

त्याच सुमारास दुर्गाबाई व कमलाबाई ज्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत होत्या तिचे प्रयोग काही काळ थांबले होते. फाळक्यांनी मायलेकींस बोलाविले आणि त्या नाशकास आल्या. कमलाबाई मोहिनी झाल्या, दुर्गाबाई पार्वती झाल्या. मुलीचे वय त्या वेळी अवघे तेरा वर्षांचे होते. १९१३ सालच्या ह्या चित्रपटाने भारतीय पडद्यावर प्रथमच प्रत्यक्ष स्त्रिया अवतरल्या. चित्रपटाची लांबी सुमारे सव्वातीन हजार फूट होती आणि त्याच्या जोडीला पिठाचे पंजे नावाचे एक लहानसे प्रहसनही दाखवीत असत.

रंगभूमीवर वाढलेल्या ह्या मुलीस ते काम किती अपरिचित वाटले असेल! नाटकात प्रेक्षक समोर असतो. पद रंगले की वन्समोअर मिळतो आणि नटास आपले काम जमले की फसले हे तत्काळ कळते. येथे समोर हाताने फिरविला जाणारा कॅमेरा. प्रकाश सूर्याचा, म्हणून काम दिवसा, उघड्यावर. ढग आले की थांबावयाचे. गोड गळ्याचा काही उपयोग नाही. टाळी नाही. आणि आपण काय केले हे स्वतः पाहावयाचे ते कित्येक दिवसांनी, पांढऱ्या कापडावर. आजच्या मुलींस कॅमेरा ही खिशातील वस्तू झाली आहे. त्या मुलीपुढे मात्र ह्या देशातील एकाही स्त्रीचा कित्ता नव्हता. जी वाट कोणी तुडविली नाही ती तिने आईच्या सोबतीने तुडविली.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. मोहिनीने दार उघडले आणि सर्व स्त्रिया आत आल्या, असे मुळीच झाले नाही. फाळक्यांच्याच १९१७ सालच्या लंकादहनात अण्णा साळुंके पुन्हा सीता झाले, इतकेच नव्हे तर रामही तेच झाले. १९१९ च्या कालियामर्दनात कृष्णाचे काम फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केले. म्हणजे स्वतः निर्मात्यासही शेवटी आपल्या घरातील मुलगीच पुढे करावी लागली. दार उघडून धरणाऱ्यांचे हात पुष्कळ काळ अवघडून राहतात, आणि आत येणारे बहुधा नंतर येतात.

संसार आणि रंगभूमी

मोहिनीनंतर कमलाबाई पुन्हा आपल्या मूळ क्षेत्रात, म्हणजे रंगभूमीवर, परतल्या. मूकपटाचा धंदा त्या वेळी बाल्यावस्थेत होता आणि पोटाची हमी नाटकच देत होते. ह्या काळात चित्ताकर्षक मंडळीत रघुनाथराव गोखले आले. ते पूर्वी किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करीत. परंतु वय वाढले, आवाज फुटला आणि नायिकेचे काम त्यांच्याकडून सुटले. ते आपल्या बंधूंच्या मंडळीत आले तेव्हा तेथे कमलाबाई नायिका म्हणून पुढे आल्या. स्त्रीचे काम करणारा पुरुष पुरुषभूमिकेकडे वळला आणि त्याच्या समोर नायिका म्हणून खरी स्त्री उभी राहिली. मराठी रंगभूमी पुढे ज्या वळणावर यावयाची होती ते वळण ह्या एका मंडळीत असे लवकरच येऊन गेले. पुढे ह्या दोघांचा विवाह झाला आणि कमला कामत ह्या कमलाबाई गोखले झाल्या. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच त्यांचे नाव नाट्यरसिकांच्या तोंडी झाले होते.

परंतु सुखाचे दिवस थोडे ठरले. कमलाबाईंच्या वयाच्या पंचविशीत रघुनाथराव निवर्तले. तीन मुलगे वाढविण्याचा भार एकट्या तरुण विधवेवर येऊन पडला. आईच्या कपाळी जे एकटेपण आले होते तेच निराळ्या रूपाने लेकीच्या कपाळी आले. त्या काळी विधवेची गती आपल्या घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. माजघराचा अंधार, तांबडे आलवण, आणि शुभकार्यात समोर न येण्याची दक्षता. कमलाबाई ह्यांपैकी कशालाही वश झाल्या नाहीत. मातोश्रींनी दाखविलेला मार्ग त्यांस ठाऊक होता. त्या पुन्हा रंग लावून उभ्या राहिल्या.

ह्या काळात त्यांनी मनोहर स्त्री संगीत मंडळी ह्या स्त्रियांच्या नाटक मंडळीत काम केले. सर्व पात्रे स्त्रियांनीच करावयाची असा तेथील रिवाज असल्यामुळे पुरुषभूमिका करणारीही कोणी हवी होती. ती कामे कमलाबाईंनी अंगावर घेतली. अवघ्या बारा-तेरा वर्षांपूर्वी जेथे स्त्री मिळेना म्हणून पुरुष स्त्री होत असे, तेथे आता एक स्त्री पुरुष होऊन उभी राहिली! प्रेक्षकांस ही गंमत वाटली असेल. कमलाबाईंच्या घरी मात्र तीन मुलांच्या दुधाचा आणि शाळेच्या फीचा प्रश्न त्यातून सुटत होता.

१९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला. मूकपटातील कित्येक नामांकित नटनटी ह्या एका बदलाने मागे पडल्या, कारण त्यांच्यापाशी वाणी नव्हती. कमलाबाईंची गोष्ट निराळी होती. शब्द व स्वर हे तर त्यांचे बालपणापासूनचे धन. त्यांनी बोलपटांतही कामे केली आणि त्यांच्या चित्रपटांची एकूण संख्या सुमारे पस्तीस सांगितली जाते. त्यांचा अखेरचा चित्रपट गहराई हा १९८० साली आला. १९१३ ते १९८०! म्हणजे सदुसष्ट वर्षांचे अंतर. हाताने फिरविलेल्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिलेली मुलगी रंगीत चित्रपटाच्या कॅमेऱ्यापुढे आजी होऊन उभी राहिली. भारतीय चित्रपटाचा बहुतेक सारा इतिहास ज्यांनी अंगावर घेतला अशा व्यक्ती विरळाच.

प्रतिष्ठा कोणास मिळाली?

दरम्यान रंगभूमीवरही पालट होत होता. १९३० च्या आगेमागे हिराबाई बडोदेकर व त्यांच्या भगिनींनी स्त्रीपुरुषांनी आपापल्या भूमिका कराव्यात ह्या रीतीस मोठे बळ दिले. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत नाट्यमन्वंतर ह्या संस्थेने आंधळ्यांची शाळा हे नाटक रंगभूमीवर आणिले. त्यात ज्योत्स्नाबाई भोळे व पद्मावती वर्तक ह्या स्त्रियांनी स्त्रियांची कामे केली, आणि सुशिक्षित समाजाने त्याचे कौतुक केले. ते कौतुक योग्यच होते. नाटकात काम करणे हा कुलीन स्त्रीस कमीपणा नव्हे, हे त्या प्रयोगाने शहाण्यासुरत्या लोकांस पटविले.

परंतु हिशेब करून पाहावा. कमलाबाई प्रथम रंगभूमीवर आल्या तेव्हापासून ह्या घटनेस जवळजवळ तीस वर्षे लोटली होती. मोहिनीस वीस वर्षे झाली होती. ज्या गोष्टीबद्दल दुर्गाबाईंस वाळीत टाकले तीच गोष्ट एका पिढीनंतर सुधारणा म्हणून गौरविली गेली. गोष्ट तीच; बदलला तो पाहणाऱ्यांचा काळ. मधल्या तीस वर्षांची किंमत मात्र दोन स्त्रियांनी चुकती केली आणि तिची पावती त्यांस कोणी दिली नाही.

ह्याचा अर्थ त्या रडत बसल्या असा नव्हे. कमलाबाईंचे तिन्ही मुलगे कलेच्या क्षेत्रात नावारूपास आले. लालजी आणि सूर्यकांत ह्यांनी तबलावादनात लौकिक मिळविला. १९२१ साली जन्मलेले चंद्रकांत हे मराठी रंगभूमीवरील व चित्रपटांतील थोर नट झाले. लहानपणीच रंगभूमीवर उतरून त्यांनी आईच्या संसारास हातभार लाविला आणि उतारवयात आपल्या मिळकतीतून सैनिकांच्या कल्याणासाठी नेमाने देणगी दिली. २००८ मध्ये ते निवर्तले. चंद्रकांतरावांचे चिरंजीव विक्रम गोखले ह्यांस बॅरिस्टर नाटकापासून दूरदर्शनच्या मालिकांपर्यंत महाराष्ट्रातील घराघराने पाहिले. अनुमती ह्या चित्रपटातील भूमिकेबद्दल त्यांस उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. पणजीस ज्या कामासाठी समाजाने दूर सारले, त्याच कामासाठी पणतवास राष्ट्राने गौरविले. चार पिढ्यांच्या ह्या प्रवासात घराणे बदलले नाही, काम बदलले नाही. समाजास मात्र एवढे अंतर चालून यावे लागले.

कमलाबाईंस दीर्घायुष्य लाभले. वार्धक्यात पुण्यास राहत असताना, १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, रीना मोहन ह्या दिग्दर्शिकेने त्यांच्यावर माहितीपट तयार केला. नव्वदीकडे झुकलेल्या त्या वृद्धेने कॅमेऱ्यापुढे आपल्या आयुष्याच्या आठवणी सांगितल्या. ज्या स्त्रीने पहिल्यांदा भारतीय कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याचे धैर्य केले तिला, ऐंशीएक वर्षांनी, दुसऱ्या एका स्त्रीने कॅमेरा घेऊन शोधीत यावे, हा योग मोठा समाधानाचा होय. विसाव्या शतकाचे अखेरचे दशक सरत असताना, वयाची पंच्याण्णव वर्षे ओलांडून, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

ज्ञातिबांधवांस विनंती

थोरांची चरित्रे आपण प्रतिवर्षी स्मरणिकेत वाचतो आणि नमस्कार करून पान उलटतो. ह्या चरित्राच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढ्यासाठी शेवटी दोन शब्द लिहितो.

आपल्या ज्ञातीत आज कोणी उघड बहिष्कार घालीत नाही. कायद्यानेही तो गुन्हा ठरला आहे. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपल्याच राज्याने केला. परंतु बहिष्काराची सौम्य रूपे अजून शिल्लक आहेत. पतीपासून वेगळी राहणारी भगिनी मेळाव्यास आली तर तिच्याशेजारची खुर्ची रिकामी राहते. विधवा मातेने मुलीचे लग्न ठरविताना पुढे कोण बोलणार, ह्या प्रश्नावर सोयरीक अडते. कोणी मुलगी नाटक, चित्रपट वा असेच एखादे न रुळलेले क्षेत्र निवडते तेव्हा तिच्या आईवडिलांस आपण अभिनंदनाऐवजी सहानुभूती दाखवितो. मुलगी यशस्वी झाली की मात्र तिचा सत्कार करण्यास आपणच व्यासपीठ उभारतो. रात्री टाळ्या आणि सकाळी पाठ ही जुनी रीत उलट्या क्रमाने अजून चालू आहे.

म्हणून एक लहानशी सूचना करावीशी वाटते. ज्ञातीच्या कुटुंबसूचीचा अर्ज भरताना पहिला रकाना कुटुंबप्रमुखाच्या नावाचा असतो. जी भगिनी एकटीने मुले वाढवीत आहे तिचे नाव त्या रकान्यात निःसंकोचपणे लिहिले जावे. तेथे दिराचे, भावाचे किंवा दूर राहणाऱ्या पतीचे नाव शोधण्याची गरज पडू नये. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी अशा मुलांस बोलाविताना त्यांच्या मातेचे नाव आधी पुकारावे. आणि आपल्या जेऊरसारख्या गावातून एखादी मुलगी नवी वाट धरून गाडीत बसावयास निघाली तर स्थानकापर्यंत पोहोचवावयास आपल्यातील चार माणसे जावीत. ह्यास पैसा लागत नाही. थोडे मन मोठे करावे लागते.

दुर्गाबाईंस त्या काळी असे कोणी भेटले नाही. त्यांस एक मुलगी होती आणि तिचा हात त्यांनी सोडला नाही. त्या एका हाताच्या बळावर भारतीय पडद्यावर पहिली मोहिनी अवतरली. त्या मायलेकींच्या स्मृतीस आपल्या सर्वांच्या वतीने विनम्र अभिवादन.